बारावीच्या वर्षी केबल काढली

तुमच्या आईला विचारलंत तर ती म्हणेल की बारावीच्या वर्षात सांगण्यासारखं काही घडलं नाही, मी फक्त अभ्यास केला. हे खरं आहे. तिने फक्त अभ्यास केला. पण तो अभ्यास तीन बायकांनी रोज संध्याकाळी समोर बसून पाहिला, आणि त्यातून जे झालं ते झालं नसतं, तर तुम्ही दोघं आज तिकडे बर्फातून शाळेला जात नसता. म्हणून लिहून ठेवते आहे. मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत लिहिलं तर तुम्ही आपापलं वाचाल आणि बाजूला ठेवाल. मराठीत असलं म्हणजे तुमच्या आईला ते मोठ्याने वाचून दाखवावं लागेल.

आधी घर. दौंडला रेल्वेच्या रुळांपासून जवळच एका आळीत आम्ही राहत होतो. रस्त्याकडे तोंड करून बाहेरची खोली, मधे एक अंधारी खोली, मागे स्वयंपाकघर आणि वर गच्ची. मालगाड्यांचे डबे जोडण्या-तोडण्याचा आवाज रात्रंदिवस येई. पाहुणे पहिल्या रात्री त्या आवाजाने दचकून उठत, आम्ही तो थांबला की उठत असू. तुमचे आजोबा कुरकुंभला एका केमिकल कंपनीत शिफ्टने कामाला होते. ते कधीही घरी असत आणि घरी असले की झोपलेले असत, त्यामुळे मधल्या खोलीत कायम रात्र असे. तिथे दिवा लावायचा नाही, भांडं पाडायचं नाही, शिंक आली तर पुढे किंवा मागे जाऊन द्यायची. त्यांच्या शर्टाला कंपनीचा वास येई. माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या आईची आजी, धुण्याआधी तो शर्ट नाकाशी धरून आज कुठला माल चालू होता ते सांगत आणि ते बरोबर निघे. कंपनीच्या फाटकापर्यंतसुद्धा त्या कधी गेलेल्या नव्हत्या. त्यांना मी आत्या म्हणत असे. नदीपलीकडचं मांडवगण फराटा हे त्यांचं माहेर. गॅसवरच्या भाकरीला चुलीवरच्या बाजरीच्या भाकरीची सर नाही असं सगळे म्हणत असताना त्या नेमकं उलटं म्हणत, कारण चुलीपुढे त्यांनी पुष्कळ वर्षं काढली होती.

स्नेहलचं, तुमच्या आईचं, बारावी झाली की लग्न करायचं हे आमच्या घरात ठरलेलं होतं. कुणी ठरवलं असं विचाराल, तर कुणीच नाही. पाऊस जूनमध्ये येतो हे जसं कुणी ठरवत नाही, तसं. दहावी झालेल्या मुलीला बरं स्थळ येतं, बारावी झालेलीला चांगलं येतं, आणि त्यापुढे शिकली तर तेवढा शिकलेला मुलगा शोधत बसावं लागतं, असा आत्यांचा हिशोब होता. आपल्या धाकट्या भावाला, मांडवगणच्या बबनमामांना, त्यांनी स्थळ बघायला सांगून ठेवलं होतं. आजोबांचं मत काय होतं हे कळायला ते जागे सापडले पाहिजेत. स्नेहलला पुण्याला इंजिनिअरिंगला जायचं होतं आणि ते तिने फक्त मला सांगितलं होतं. मी स्वतः दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढले, माझे वडील मालगाडीवर गार्ड. त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं, कॉलेजचं एक वर्ष करू दिलं आणि मग माझं लग्न लावलं. सासरी माझ्या इंग्रजीचा उपयोग औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचण्यापुरता होता. तेव्हा आत्यांपुढे मी काय बोलणार? मी एवढंच म्हटलं की आधी बारावी तर नीट होऊ द्या. त्यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि केबल काढायचं ठरलं.

हे तुम्हाला समजावून सांगितलं पाहिजे. त्या काळी आमच्याकडे ज्या घरात दहावी किंवा बारावी असे, त्या घरातली केबल त्या वर्षापुरती काढत. घरात सुतक असलं की गोड करत नाहीत, तशीच ही रीत. मुलगा कितीही उनाड असो, केबल काढली म्हणजे आईबापांनी आपलं कर्तव्य केलं असं आळीत धरलं जाई. केबलवाल्यालाही हे इतकं पाठ होतं की जूनमध्ये बोलावलं की तो पक्कड घेऊनच येई. आमच्याकडे आला तेव्हा त्याने मला दारातच विचारलं, कितवी? मी म्हटलं, बारावी. सायन्स का आर्ट्‌स? सायन्स म्हटल्यावर त्याने मान हलवली आणि म्हणाला, "मग खांबापासून काढतो." आर्ट्‌सवाल्यांची तो नुसती पिन काढून ठेवत असे.

यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. त्यांच्या मालिकांचं काय, हे आत्यांना कुणी विचारलं नव्हतं. रोज दिवेलागणीनंतर आत्या, पलीकडच्या घरातल्या ताराबाई आणि समोरच्या कांबळेकाकू आमच्या बाहेरच्या खोलीत ओळीने बसून मालिका बघत. ताराबाईंचे यजमान वारले होते आणि मुलगा ट्रकवर असे. कांबळेकाकू रेल्वेच्या दवाखान्यातून आया म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि मालिकेत कुणी आजारी पडलं की ते जगणार की नाही हे आधीच सांगत. ताराबाई शेंगा आणत, काकू सुपारी आणत, आत्या जागा देत. असं कित्येक वर्षं चाललं होतं. केबल निघाली त्या संध्याकाळी मला वाटलं, आज कुणी येणार नाही. तर नेहमीच्या वेळेला ताराबाई आल्या, काकू आल्या, आणि तिघी आपापल्या जागी भिंतीला टेकून बसल्या. टीव्हीवर मी विणलेला रुमाल घातला होता. टीव्हीच्या शेजारी स्नेहलचं टेबल होतं, कारण घरातली एकुलती एक चांगली ट्यूबलाइट तिथे होती. ती आमच्याकडे पाठ करून नव्हे, बाजू करून बसे, म्हणजे तिचा चेहराही दिसे आणि वहीही. तिघींनी थोडा वेळ रुमालाकडे पाहिलं. मग त्या स्नेहलकडे पाहू लागल्या.

पहिले काही दिवस तुमची आई रडकुंडीला आली. मी जाऊन आत्यांना सांगितलं की पोरीला अवघडल्यासारखं होतं. आत्या म्हणाल्या, "आम्ही बोलतो का काय? नुसतं बसतो." ते खरं होतं. ती लिहीत असे तोवर तिघी एक शब्द बोलत नसत. ती पाणी प्यायला उठली की मात्र मालिकेच्या मधल्या जाहिरातींत बोलत तशा बोलून घेत. ताराबाई विचारत, "काल त्या गोलाच्या आकृतीवर अडली हुती, सुटली का ती?" आत्या सांगत, "सुटली. पहाटं उठून सोडवली." काकूंनी वह्यांच्या रंगावरून विषय ओळखायला सुरुवात केली होती. निळी वही निघाली की त्या पाय पसरून बसत, कारण ते गणित असे आणि ते लांबे. हिरवी वही, म्हणजे जीवशास्त्र, ताराबाईंना आवडे, त्यात चित्रं असत. केमिस्ट्रीच्या वहीची आत्यांना भीती वाटे. त्यांचं म्हणणं, ह्याच वासापायी पोरगं दिवसा झोपतं. त्या वर्षी वीज वरचेवर जाई. मालिका असती तर सगळ्यांचा हिरमोड झाला असता. इथे मी कंदील आणून ठेवला की झालं, कार्यक्रम बंद पडत नसे.

तुमच्या आजोबांना मी ही हकिकत एका सुट्टीच्या दिवशी सांगितली. त्यांनी त्यावर शांतपणे विचार केला आणि दिवाळीच्या सुमारास एक छत्री आणली. पावसाची नव्हे, तबकडी. कंपनीतल्या कुणी त्यांना सांगितलं होतं की ती गच्चीवर बसवली की आकाशातून सरकारी चॅनेल येतात, महिन्याला कुणाला काही द्यावं लागत नाही. जुना अँटेना गच्चीवर होताच, त्यावर एकच चॅनेल मुंग्या आल्यासारखं दिसे. छत्रीवर पुष्कळ दिसणार होती. बारावीच्या वर्षी हे कसं चालेल, असं मी विचारलं. ते म्हणाले, हे फुकटचे चॅनेल आहेत, कुणी आवडीने बघत नाही, त्यामुळे अभ्यासाला धोका नाही. फक्त आईला काहीतरी हलताना दिसलं पाहिजे, म्हणजे पोरगी सुटेल. टीव्ही स्वयंपाकघरात न्यायचा, बायका तिकडे जातील. या विचारात मला तेव्हा खोट काढता आली नाही.

छत्री बसवायला एक अख्खी सकाळ गेली. सोबतचं पुस्तक इंग्रजीत होतं, म्हणून मला गच्चीवर बोलावण्यात आलं. कोन, दिशा, स्क्रू किती वेळा फिरवायचा, हे मी वाचून मराठीत सांगत होते आणि आजोबा ते न ऐकता छत्री हाताने हलवत होते. खालून ताराबाई ओरडून सांगत होत्या, आलं, गेलं, आलं, गेलं. शेवटी कळलं की आग्नेयेला ताराबाईंचाच शेवगा आडवा येतो आहे. त्या म्हणाल्या की फुकटच्या टीव्हीसाठी शेंगा देणारं झाड तोडणारी बाई त्यांच्या घराण्यात जन्मलेली नाही. मग छत्री माझ्या धुण्याच्या दोरीच्या जागी सरकवली. चित्र आलं. स्वच्छ, आरशासारखं. त्यात एक गृहस्थ द्राक्षावरच्या रोगाविषयी माहिती देत होते.

तिघी बायका चार-पाच संध्याकाळी स्वयंपाकघरात बसल्या. त्यांनी द्राक्षाचा रोग पाहिला, संसदेत कुणीतरी कुणालातरी बसायला सांगतं आहे ते पाहिलं, कुठल्याशा भाषेतल्या बातम्या पाहिल्या आणि भरतनाट्यम पाहिलं. एकदा काकू म्हणाल्या, "ह्यात पुढं काय हुनार ते कळत न्हाई." आत्या म्हणाल्या, "काय हुतच न्हाई तर कळंल कसं?" दुसऱ्या दिवशी त्या बाहेरच्या खोलीत आपापल्या जागी बसल्या होत्या. मी टीव्ही बंद करायला गेले तर आत्या म्हणाल्या, चालू राहू दे, बसवलाय एवढा. म्हणून संध्याकाळी माझ्या फोडणीला सोबत म्हणून शेतीचा कार्यक्रम चालू असे. मला खोडकिडीबद्दल आजही जे ठाऊक आहे ते तेव्हाचं. स्नेहलनेही तक्रार केली नाही. ताराबाई एका लग्नासाठी सोलापूरला गेल्या तेव्हा दुसऱ्याच दिवशी तिने मला विचारलं, त्या कधी येणार आहेत? मोकळ्या जागेकडे लक्ष जात होतं म्हणे. तुम्ही म्हणता ना, आजी व्हिडिओ कॉल बंद करायला विसरते आणि तुमची आई काम करत असते. मी विसरत नाही.

परीक्षेला महिना राहिला असताना मांडवगणची मंडळी आली. बबनमामांनी स्थळ शोधलं होतं. एकुलता एक मुलगा, ऊस, विहिरीला पाणी, दारात ट्रॅक्टर. बघायला ते रविवारी येणार होते. पण मुलाच्या आईचे डोळे दाखवायला त्या आठवड्यात ते दौंडला आले आणि आलोच आहोत तर मुलगी बघून जाऊ म्हणून अंधार पडता पडता आमच्या दारात उभे राहिले. मामा, मुलाचे वडील आणि मुलाची आई. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातल्यामुळे त्या माउलीला सगळं धूसर दिसत होतं आणि त्या मामांचा दंड धरून चालत होत्या. मुलगी बघायला आलेल्या तिघांपैकी जिचं मत चालणार होतं तिला त्या दिवशी दिसत नव्हतं.

तुमची आई समोर घड्याळ ठेवून जुना पेपर सोडवत होती. निळी वही. आत्यांनी पाहुण्यांना पाहिलं, पण त्या उठल्या नाहीत. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. घरात कुणीतरी फार आजारी आहे अशी मामांची समजूत झाली आणि ते वहाणा हातात घेऊनच आत आले. बाहेरच्या खोलीत एकीपुरतीच जागा होती. मुलाच्या आईला काकूंनी सरकून आपल्याशेजारी बसवलं. पुरुषांना मी मधल्या खोलीतून, झोपलेल्या आजोबांच्या पायाशेजारून, चाचपडत स्वयंपाकघरात नेलं आणि पोहे टाकले. टीव्हीवर खोडव्याच्या, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या, उसाची निगा चालली होती. मुलाचे वडील पाटावर बसले, त्यांनी मान वर केली आणि ती नंतर खाली आलीच नाही. पोह्यांची बशी मी त्यांच्या हातात दिली तीही त्यांनी न बघता घेतली. थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, "ताई, हे आमच्या केबलवर का लागत न्हाई?" मी छत्रीची माहिती दिली. मामांनी तोंड उघडलं की ते त्यांना हाताने गप्प करत, कारण उसाचं पाचट जाळावं की कुजवावं हे तेव्हाच टीव्हीवर सांगत होते.

मी पोह्यांची दुसरी बशी घेऊन मधल्या दारात उभी राहिले. तिथून बाहेरच्या खोलीतलं सगळं दिसे. मुलाची आई काकूंच्या कानाशी लागून विचारत होती, पोरगी दिसायला कशी हाय? काकू म्हणाल्या, बरी हाय, पण आता बोलू नका, गणित अडलंय. त्यावर ती बाई कान देऊन बसली. मग थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं, "सुटंल का?" काकू म्हणाल्या, "बघू या." स्नेहलने एक ओळ खोडली. ताराबाईंनी पदर तोंडाशी नेला. तिने पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं, पान उलटलं, थांबली, पेन्सिलीचं टोक दातांत धरलं आणि मग एकदम भरभर लिहीत खालपर्यंत गेली आणि दोन रेघा मारल्या. ताराबाई म्हणाल्या, सुटलं. जिला दिसत नव्हतं त्या बाईनेच सगळ्यांत मोठा श्वास सोडला. तुमच्या आईने तेवढ्यात पुढचा प्रश्न घेतला होता. आपल्या लग्नाची माणसं खोलीत बसली आहेत हे तिला माहीत नव्हतं.

आत्या मुलाच्या आईकडे सरकल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "वहिनी, एक इच्यारू का? तुमच्याकडं हिला असं बसाया मिळंल का?"

मुलाच्या आईने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. तिने पदराने डोळ्यांतून येणारं पाणी टिपलं, ते थेंबांचं होतं. "खरं सांगू?" ती म्हणाली. "जागा लई हाय. पर बसाया सवड न्हाई मिळायची. मी सून म्हणून आले तवापासनं बसले न्हाई. आज डॉक्टरनं थेंब घातलं म्हणून बसले."

"मग ऱ्हाऊ द्या," आत्या म्हणाल्या.

"व्हय," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या."

एवढंच झालं. माझ्या हातात बशी होती, ती मी तिला दिली. तिने पोहे खाल्ले आणि मिरची कुठली ते विचारलं.

कार्यक्रम संपल्यावर पुरुष बाहेर आले. मामा तोंड पुसत म्हणाले की मंडळींना घर पसंत आहे, मे महिन्यात उरकून टाकू. आत्या न्हाई म्हणाल्या. मामांनी कारण विचारलं.

"तिचा पेपर संपला न्हाई."

"आक्का, मी आज कुठं म्हणतोय? मेमधी."

"मेमधी बी संपायचा न्हाई."

मामांनी मुलाच्या वडिलांकडे पाहिलं, ते छत्री दिसते का म्हणून दारातून वर बघत होते. मामांचा आवाज चढला. तुमची आई तेव्हा पहिल्यांदा वळली आणि खोलीभर माणसं पाहून उभी राहिली.

"आक्का, स्थळ बघ म्हणून तूच मागं लागली हुतीस माझ्या," मामा म्हणाले.

"व्हय," आत्या म्हणाल्या. "तवा मी टीव्ही बघत हुते."

मामांनी वहाणा घातल्या आणि गेले. मुलाच्या आईला मी हळदीकुंकू लावलं, तिने ते लावून घेतलं. आजोबा रात्रपाळीसाठी उठले तेव्हा मी त्यांना सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बरं म्हणाले आणि पोहे उरलेत का ते विचारलं. मुलाच्या वडिलांनी पुढच्या महिन्यात आपल्या गच्चीवर छत्री बसवली, असं आमच्या कानावर आलं. मामांनी मात्र बहिणीशी बोलणं टाकलं. चैत्रात मांडवगणच्या जत्रेचं बोलावणं आलं नाही. आत्यांनी पिशवी भरून खुंटीला टांगून ठेवली होती. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी ती रिकामी केली, लुगडी पुन्हा घडी करून ठेवली आणि माहेरचं नाव काढलं नाही. संध्याकाळी आपल्या जागी येऊन बसल्या.

निकाल लागला तो तुम्हाला माहीत आहे, तुमची आई तो न विचारता सांगते. पुण्याच्या कॉलेजात नंबर लागला. आळीत पेढे वाटून झाल्यावर आत्यांनी एक पुडा बाजूला ठेवला, नवं लुगडं नेसल्या आणि मला न सांगता एसटीने मांडवगणला गेल्या. परत आल्या तेव्हा अंधार पडला होता. हातपाय धुऊन त्या बसल्या, मी चहा दिला. मग न राहवून विचारलं की मामा काय म्हणाले.

"बोलला न्हाई," आत्या म्हणाल्या. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली. "पेढा मात्र दोनदा घेतला."